सुसरबाईला खोटं बोलू द्या

थंडीच्या दिवसांत सकाळी दहा-अकराला काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटर बाजूला लावून खाली विश्वामित्रीत बघत उभी राहणारी माणसं बडोद्यात काही नवीन नाहीत. खाली काठावर मगर ऊन खात पडलेली असते, तोंड उघडं टाकून, आणि वर पुलावर कोणी ऑफिसला उशीर झालेला असतो तरी दोन मिनिटं थांबतोच. मी पण थांबते. मागच्या डिसेंबरात सात वर्षांचा भाचा बरोबर होता, तो कठड्याच्या जाळीतून बघत मला म्हणाला, आत्या, हीच का ती माकडाची फ्रेंड? मी म्हटलं फ्रेंड होती पण मग तिने दगा दिला ना. तर तो म्हणे, नाही, ती सॉरी म्हणते आणि मग दोघं जांभूळ खातात. मी म्हटलं काळीज मागते ती, माकडाचं काळीज. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच गोष्ट खराब करतेय.

घरी येऊन त्याने ज्या कार्टूनमध्ये हे बघितलं होतं ते मी बघितलं. कुठलं ते नाव घेत नाही, कारण असं एकच नाही, बरीच आहेत आणि सगळी एकाच साच्यातली. मगर गुलाबी-हिरवी, डोळे बशीएवढे, पापण्या लांब, दात गोल. माकड पाठीवर बसतं, मधेच मगरीला "वाईट वाटतं", ती "मी चूक केली" म्हणते, माकड मिठी मारतं, गाणं. काळीज कुठेच नाही, कोणी कोणाला फसवत नाही, कोणी घाबरत नाही, माकडाला डोकं चालवायची वेळच येत नाही. आता या गोष्टीत उरलं काय ते मला कोणी सांगा. नदी ओलांडायची सहल उरली.

मला यावर एकच गोष्ट म्हणायची आहे पण ती नीट म्हणायची आहे. नीतिकथेतला प्राणी टीव्हीवर आणा, बाहुली करून आणा, जरूर आणा, मी तर म्हणते मराठीत आणा आणि लवकर आणा, पण त्याची खोड काढून आणू नका. कोल्हा लबाडच पाहिजे, बगळा ढोंगीच पाहिजे आणि आपली सुसरबाई पोटात एक आणि ओठात एक अशीच पाहिजे.

सुसरबाई हे नाव मी दिलेलं नाही, भाषेनेच दिलंय. "सुसरबाई तुझी पाठ मऊ" ही म्हण आपण सगळे वापरतो, म्हणजे ज्याच्या हातात आपण सापडलोय त्याची खुशामत करायची, सुटका होईपर्यंत. काहीजण सुसर वेगळी आणि मगर वेगळी असं सांगतात, सांगू देत, आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही एकच होत्या. पण जरा थांबून बघा या म्हणीत काय आहे. कोणीतरी पाठीवर बसलंय, खाली पाणी आहे, आणि त्याला कळलंय की ही आपल्याला खाणार, आणि तरी तो गोड बोलतोय. त्या माकडाच्या गोष्टीतला नदीच्या मधोमधचा तो एक क्षण, तोच अख्खा चार शब्दांत आहे. खरखरीत, खवल्यांची पाठ, तिला मऊ म्हणायचं! ज्या भाषेने ही म्हण केली त्या भाषेतल्या मुलांना आपण "मगर सॉरी म्हणाली" इतकंच देणार का?

आता लोक म्हणतात काळाप्रमाणे गोष्टी बदलतातच. बदलतातच, मी कुठे नाही म्हणते, आणि ही गोष्ट तर इतकी फिरलीय की विचारू नका. बुद्धाच्या जातककथांत ती आहे, तिथे मगरीला सुंसुमार म्हटलंय, आपली सुसर त्याच घरातली. तिथे मगर आणि माकडाची मैत्री वगैरे नाहीच, सरळ शिकार आहे, आणि माकड पिकलेल्या उंबरांचे घोस दाखवून म्हणतं ती बघ तिकडे लटकलीत आमची काळजं. पंचतंत्रात चौथ्या तंत्राची, लब्धप्रणाशची, ही मुख्य गोष्ट, तिथे नदी पण नाही, समुद्राचा काठ आहे, जांभळाचं झाड आहे, रक्तमुख नावाचं माकड आणि करालमुख नावाचा मगर, आणि तिथे दोघं मित्र झाले. मग सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पेहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत नेलं, तिथे मगरीचं कासव झालं आणि जांभळाचं अंजीर. जपानात तर जेलीफिश आहे आणि काळजाऐवजी यकृत, आणि जेलीफिशच्या अंगात हाडं का नाहीत त्याचं कारण ही गोष्ट. कोरियात कासव आणि ससा. म्हणजे प्राणी बदलला, झाड बदललं, फळ बदललं, समुद्राची नदी झाली, शरीराचा अवयवसुद्धा बदलला! पण दीड-दोन हजार वर्षांत या सगळ्या देशांतल्या सांगणाऱ्यांनी दोन गोष्टींना हात लावला नाही, एक म्हणजे ज्याच्या भरवशावर पाण्यात उतरलो त्यानेच फसवलं आणि दुसरी म्हणजे काळीज घरी विसरलो ही थाप. आणि आपण त्याच दोन नेमक्या काढल्या.

बदलायचंच असेल तर बदलण्यासारखं आहे ना. मगरीची बायको. मूळ गोष्टीत सगळं खापर तिच्यावर फुटतं, तिला संशय येतो, ती हट्ट धरते, काळीज आण नाहीतर मी जीव देते, आणि नवरा बिचारा मित्र आणि बायको यांच्यात सापडलेला. हे मला लहानपणी पण आवडायचं नाही. हे काढा, खुशाल काढा. मराठीत तर ते काढणं सोपं आहे कारण मगर हा शब्दच मुळी स्त्रीलिंगी, "मगर आणि त्याची बायको" असं म्हणताना जीभ अडखळतेच. एकटी सुसरबाई ठेवा. तिलाच जांभळं आवडतात, तिलाच माकड आवडतं, आणि तिलाच त्याचं काळीज खावंसं वाटतं. कोणी शिकवलं नाही, कोणी हट्ट केला नाही, तिचं तिलाच वाटलं. हे जास्त खरं आहे आणि जास्त अवघड पण आहे, आणि सात वर्षांच्या मुलाला हे कळतं, त्याला स्वतःला पण ताईचा लाडूही हवा असतो आणि ताई पण हवी असते.

हे मी नुसतं बसून ठरवलेलं नाही. गेल्या गणपतीत सोसायटीत मुलांसाठी काहीतरी करा म्हणाले म्हणून मी सुसरबाई बनवली. फुटबॉलचा हिरवा लांब मोजा, आत पुठ्ठ्याचा जबडा मधे दुमडलेला, पाठीवर अंड्याच्या ट्रेचे उंचवटे कापून शिवले आणि हिरवा रंग दिला, डोळ्यांना टेबल टेनिसचा बॉल अर्धा कापून. (जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीवाल्याने १९५५ साली कर्मिट केला, जो पुढे बेडूक म्हणून गाजला, तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा, डोळे असेच पिंगपाँग बॉलचे दोन अर्धे, हे मला माहीत होतं म्हणून धीर आला.) माकड शेजारच्या नववीतल्या मुलीच्या हातात. आम्ही चार दिवस पलंगामागे बसून प्रॅक्टिस केली. मोजाच्या बाहुलीचं सगळं अंगठ्यात असतं. अंगठा म्हणजे खालचा जबडा, चार बोटं वरचा. नवशिकं माणूस शब्द बोलताना चार बोटं वर उडवतं, मग बाहुली दर शब्दाला आकाशाकडे बघते आणि मुलांचं बघणं तुटतं. अंगठा खाली पाडायचा, बोटं स्थिर, म्हणजे नजर मुलांवर राहते. आणि अक्षर संपताना तोंड मिटायचं नाही, सुरू होताना उघडायचं. "का-ळी-ज" ला तीन वेळा. हे जमायला माझा अंगठा दोन दिवस दुखत होता.

तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निरोप आला की ते काळीज खायचं वगैरे नको, लहान मुलं आहेत, शेवट पॉझिटिव्ह ठेवा. ठीक आहे म्हटलं, वाद कशाला. पहिल्या दिवशी सुसरबाई सॉरी म्हणाली. वीस-बावीस मुलं होती, अर्ध्यात मागची उठून प्रसादाच्या टेबलाकडे गेली, जी बसली होती ती एकमेकांच्या चपला लपवत होती. कोणी काही विचारलं नाही. आया खूश होत्या, टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

चौथ्या दिवशी परत करायचं होतं, तेव्हा मी कोणाला विचारलं नाही, खरी गोष्ट केली. सुसरबाई आधी एकटी मुलांकडे तोंड करून म्हणते, "अगं बाई, या माकडाने इतकी वर्षं जांभळं खाल्लीत, त्याचं काळीज किती गोड झालं असेल गं!" आणि मग माकड येतं आणि ती लगेच, "ये रे माझ्या सोन्या, बस पाठीवर, चल घरी, गरम भजी केलीत." त्याच्यापुढे मला एक वाक्य बोलता आलं नाही. पहिल्या रांगेतली एक चार वर्षांची मुलगी उभी राहिली आणि ओरडली, "जाऊ नको! ती खोटं बोलतेय!" मग सगळे. "जाऊ नको! ए जुठ्ठुं बोले छे! बसू नको!" मराठी, गुजराती, दोन्ही एकदम, गुजराती मुलं पण होतीच. माकड तरी बसलं. नदीच्या मधे सुसरबाई थांबली, मी तोंड उघडलं आणि आवाजच काढला नाही, उघडं ठेवलं तीन-चार सेकंद, मिटलं, परत उघडलं. ती सांगू का नको करतेय हे मुलांना कळलं. इतकी शांतता झाली की मागच्या आरतीच्या निरांजनाचा चटचट आवाज येत होता. मग तिने सांगितलं. आणि माकड म्हणालं, "अय्यो, सुसरबाई, आधी नाही का सांगायचं, काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो!" आणि जो हशा आणि ओरडा झाला तो पहिल्या दिवसाच्या टाळ्यांसारखा नव्हताच.

पण मला खरं जे सांगायचंय ते नंतरचं. कार्यक्रम संपल्यावर मुलं पळाली नाहीत, पलंगामागे आली. एक मुलगा माकडाला म्हणाला, तू पण खोटंच बोललास. दुसरी म्हणाली, त्याला मरायचं होतं का मग. तो म्हणाला, पण खोटं ते खोटं. मग भांडण. कोणाचं खोटं चालतं, कोणाचं नाही, मगरीने सांगितलंच नसतं तर, तिने का सांगितलं, तिला वाईट वाटलं म्हणून की ती मूर्ख म्हणून. सात-आठ वर्षांची मुलं, पाऊण तास! जे लोक म्हणतात असं दाखवलं तर मुलं खोटं बोलायला शिकतील, त्यांना मला हेच सांगायचंय की मुलं खोटं बोलायला आपल्याकडूनच शिकलेली असतात, "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग" हे त्यांनी ऐकलेलं असतं, खोट्याबद्दल बोलायला मात्र त्यांना जागा नसते. ती जागा या गोष्टीत होती. जीव वाचवायला बोललेलं खोटं आणि जीव घ्यायला बोललेलं खोटं एकाच नदीत, एकाच पाठीवर, समोरासमोर ठेवलेलं होतं, आणि आपण मगरीला चांगलं करायच्या नादात माकडाची थाप पण काढून टाकली, म्हणजे दोन्ही गेलं.

आणि हे बाहुलीनेच होतं, कार्टूनने नाही होत असं माझं मत आहे. कार्टूनशी मूल बोलत नाही, त्याला माहीत असतं ते आधीच झालेलं आहे. बाहुली समोर असो की टीव्हीत असो, तिच्यात कोणाचा तरी हात आहे, तो आत्ता हलतोय असं वाटतं, ती चुकू शकते, थांबू शकते. म्हणूनच इंग्लंडात पंच आणि ज्युडी या बाहुल्यांच्या खेळात मगर इतकी जुनी आहे, लाकडाचा जबडा खटखट वाजवत सॉसेज पळवणारी, जर्मनीत कास्पर नावाच्या बाहुल्याच्या खेळात पण मगर आहेच, आणि दरवेळी मुलं ओरडून सांगतात की बघ, मागे बघ, मागे मगर आहे! मगर बाहुलीवाल्यांची लाडकी आहे याचं कारण सरळ आहे, तिचं सगळं शरीर म्हणजे एक तोंड, आणि बाहुलीचं पण तेच.

यावर वन्यजीवांची आस्था असणाऱ्या एका मित्राने मला गंभीरपणे अडवलं आणि त्याचं म्हणणं मी हलकं घेत नाही. तो म्हणाला, बडोद्यात ही गोष्ट करू नको, इथे खरी मगर आहे. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत, हे जगात फार ठिकाणी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला सगळ्यात वरच्या यादीतलं संरक्षण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारात आल्या, आणि या शहरातल्या पोरांनी रात्री-बेरात्री त्या पकडून सुखरूप परत सोडल्या. आणि तू मुलांना सांगणार मगर दगाबाज असते?

मी खूप विचार केला. मला वाटतं उलट आहे. जी मुलं बशीएवढ्या डोळ्यांची सॉरी म्हणणारी मगर बघतात, त्यांना खऱ्या मगरीबद्दल चुकीचं कळतं, आणि ज्या शहरात पुराच्या पाण्यात गेटपाशी मगर असू शकते तिथे तर ते फारच चुकीचं आहे. खरी मगर चांगली पण नाही आणि वाईट पण नाही, ती मगर आहे. पावसाच्या आधी पिल्लांचा आवाज ऐकून ती मातीतलं घरटं उकरते आणि त्याच जबड्यात पिल्लं धरून पाण्यात नेऊन सोडते. आणि नाकाडावर काटक्या घेऊन गप्प बसलेली मगर पण अभ्यासकांनी बघितलीय, घरट्यासाठी काटकी शोधणारा बगळा जवळ येईपर्यंत. म्हणजे पोटात एक, ओठात एक हे पंचतंत्रवाल्यांनी कुठून घेतलं कोण जाणे! पण मोजाची सुसरबाई बघून कोणी मूल खऱ्या मगरीला दगड मारायला जात नाही, कारण ती मोजा आहे हे त्याला पहिल्या सेकंदाला दिसतं. कार्यक्रमानंतर माझ्या भाच्याने विचारलं होतं की पुलाखालची खरी मगर काय खाते. मासे, मी म्हटलं, बहुतेक मासेच. "काळीज नाही?" नाही. त्याला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या, कसलाच गोंधळ झाला नाही. गोंधळ मोठ्यांचा आहे.

आता टीव्हीबद्दल, कारण सोसायटीत एक दिवस करणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. मला हे मान्य आहे की सगळा गोडवा फक्त घाबरट पालकांमुळे येत नाही, त्यात टीव्हीची एक खरी अडचण आहे. पंचतंत्रातली गोष्ट संपते. माकड झाडावर चढतं आणि म्हणतं जा, परत येऊ नको, मैत्री खलास. पण टीव्हीवर उद्या परत साडेपाचला दोघं पाहिजेत! मग लिहिणाऱ्याला दोघांना शेवटी एकत्र आणावंच लागतं, आणि ते करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे सॉरी. मी या प्रश्नावर बरेच दिवस अडले होते. तो सोडवला भाच्याने, पण त्याला माहीत नाही तो काय बोलला. मी त्याला विचारलं होतं, मग आता माकडाने काय करायचं, खाली यायचं का? तो म्हणाला, खाली नाही यायचं. जांभळं वरून टाकायची.

बस, हाच कार्यक्रम आहे. माकड वर, सुसरबाई खाली. रोज बोलतात, रोज भांडतात, जांभळं वरून पडतात, ती रोज नवी थाप मारते की आज पाठीवर बस, आज फक्त पलीकडच्या काठापर्यंत, आज माझी शपथ, आणि तो बसत नाही. ती सुधारत नाही, तो तिला टाकत नाही. असे संबंध मुलांच्या आजूबाजूला असतातच ना, कोणी काका, कोणी वर्गातली मैत्रीण, जिच्याशी बोलायचं पण आपलं गुपित सांगायचं नाही. हे अंतर कसं ठेवायचं ते मुलांना कोणीच शिकवत नाही, आपण फक्त "सगळ्यांशी फ्रेंडली राहा" आणि "अनोळखी माणसाशी बोलू नको" ही दोन टोकं देतो. आणि टीव्हीवर हे टिकत नाही असं कोणी म्हणू नये. सेसमी स्ट्रीट हा अमेरिकेतला मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम १९६९ ला सुरू झाला, त्यात कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर तेव्हा पण कुरकुरा होता आणि आज पण आहे, कोणी त्याला बरा केला नाही, मुलांना तो तसाच पाहिजे.

एक उदाहरण माझ्या विरुद्ध जातं ते पण सांगते. रशियात गेना नावाची मगर आहे, १९६९ पासून बाहुल्यांच्या फिल्ममध्ये, अतिशय सभ्य, कोट घालून अकॉर्डियन वाजवते, आणि सुंदर आहे ती. पण ती कोणाची जुनी मगर सुधारून केलेली नाही. नवी चांगली मगर करा, कोणी अडवलंय, तिला नवं नाव द्या, नवी गोष्ट द्या. सुसरबाईचं नाव आणि माकडाचं झाड घेऊन मात्र आतलं काळीज काढून घेऊ नका.

आणि आता भाषा, जी माझ्यासाठी या सगळ्यातली सगळ्यात जवळची गोष्ट आहे. आमच्यासारखी घरं बडोद्यात गायकवाडांच्या वेळेपासून आहेत, दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्या गेल्या. मुलं शाळेत इंग्लिश, गल्लीत गुजराती, मोबाईलवर हिंदी. मराठी बोलणारं माणूस म्हणजे घरातली आजी, आणि मग आम्ही. आणि आम्ही मराठीत काय बोलतो तर जेव, झोप, मोबाईल ठेव, दप्तर उचल. मराठी ही हुकमाची भाषा झालीय. त्यात लाडीगोडी लावायची, वेळ मारून न्यायची, भाव करायचा, टोमणा मारायचा, यासाठी मुलाला कोणाकडून शब्द मिळणार? चांगल्या वागणाऱ्या पात्राकडून प्लीज आणि थँक्यू मिळतं, बस. लबाड पात्राला भाषा लागते! सुसरबाईला खोटं बोलायचंय म्हणजे तिला "माझ्या सोन्या" पण येतं, "मेलं हे पोट" पण येतं, "देवाशपथ" पण येतं, ती रडायला लागली की गळा काढते, पकडली गेली की "मी कुठे असं म्हटलं" म्हणून कानावर हात ठेवते. गणपतीनंतर आठ दिवसांनी भाचा क्लासला जायचं नाही म्हणून आजीला म्हणाला, "आजी गं माझ्या सोन्या, आज मेलं पोटच दुखतंय." तो पोरगा माझ्याशी अर्धं गुजरातीत बोलतो. आई हसून हसून बेजार आणि मला एकदम भरून आलं, कारण असलं मराठी त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पोट दुखत नव्हतं हे वेगळं, क्लासला त्याला पाठवलंच.

आणि ही सुसरबाई पुण्याची नको. आमचीच पाहिजे, मधेच "सारू, सारू" म्हणणारी, भज्यांऐवजी सेवउसळीचं आमिष दाखवणारी. इंदूरची वेगळी असू दे, ग्वाल्हेरची वेगळी.

कोण करणार हे, हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला. करणारे हात आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. अर्धवटराव कोणाला माहीत नाही? रामदास पाध्यांच्या वडिलांनी तो बोलका बाहुला केला आणि रामदासजींनी तो घरोघरी नेला, लिज्जत पापडाचा कर्रम कुर्रम ससा पण त्यांचाच. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. हात आहेत, आवाज आहेत. नाही ते रोजचं काम देणारं कोणी. खासगी चॅनेलला मी दोष देत नाही, त्यांना एकदा केलेलं दहा भाषांत डब करून विकायचंय, आणि सुसरबाई डब होत नाही, तिचं खोटं त्या त्या भाषेतच बोलता येतं. म्हणून हे काम सरकारी वाहिनीचं आहे, सह्याद्रीचं आहे, आणि त्यात महाराष्ट्राबाहेरच्या मुलांचा हिशोब धरला पाहिजे.

हे स्वप्न वाटत असेल तर बडोद्याहून तास-दीड तासावर खेडा जिल्ह्यात पीज गाव आहे, तिथली गोष्ट आठवा. १९७५ मध्ये इस्रोने तिथे एक किलोवॅटचा छोटा ट्रान्समीटर लावून तिथल्याच गावांसाठी, तिथल्याच बोलीत, तिथल्याच लोकांना घेऊन टीव्ही केला. १९८४ ला त्याला युनेस्कोचं ग्रामीण संपर्काचं पारितोषिक मिळालं. पन्नास वर्षांपूर्वी एका जिल्ह्यासाठी टीव्ही करता आला, आज तर फोनवर शूट होतं. आणि बडोदा म्हणाल तर या गावात १९०६ साली सयाजीरावांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१० मध्ये वाचनालयांसाठी अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून आणलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मुलांपर्यंत गोष्ट पोचवणं हे राज्याचं काम आहे असं इथे शंभर वर्षांपूर्वी मानलं गेलंय, मी काही नवीन मागत नाही.

मी पत्र लिहिलंय. पंधरा मिनिटांचे तेरा भाग, दोन बाहुल्या, एक झाड, एक निळी चादर, इतकंच मागितलंय, आणि एक अट घातलीय की काळीज गोष्टीत राहील. उत्तर येईल तेव्हा येईल, तोपर्यंत आम्हीच शूट करायला घेतोय. सुसरबाईचा जबडा मधल्या घडीवर फाटलाय, नवा पुठ्ठा घालून आतून कापडाची पट्टी मारायचीय, अंड्याच्या ट्रेवरचा रंग उडालाय. शेजारची मुलगी आता दहावीत गेली, तिला वेळ नाही, त्यामुळे माकडासाठी हात पाहिजे, वय कितीही चालेल, बडोद्याचं मराठी पाहिजे. शनिवारी संध्याकाळी आम्ही बसतो. जांभळं सध्या कागदाची आहेत, जूनमध्ये खरी आणू.